चढणाऱ्याचा हक्क

डोंगरात सायकल चालवणाऱ्यांचा एक नियम आहे. अरुंद पायवाटेवर चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले, तर उतरणाऱ्याने थांबायचे आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. कारण सरळ आहे. उतरणारा थांबला तरी पुन्हा सहज निघू शकतो. चढणाऱ्याचा पाय एकदा जमिनीला टेकला, की त्या चढावर पुन्हा सायकलवर बसणे जवळजवळ अशक्य असते. हा नियम मी पहिल्याच आठवड्यात वाचला होता, त्यामागचे भौतिकशास्त्र मला पटले होते, आणि कोणी विचारले असते तर तो मी अपवादांसकट समजावून सांगितला असता. तरीही दीड वर्षात मला तो एकदाही नीट पाळता आला नाही. म्हणजे उतरताना पाळत होते. चढताना जो हक्क माझ्या वाट्याला यायचा, तेवढा मला घेता येत नव्हता.

मी एक्कावन्नाव्या वर्षी सायकल शिकले. डोंगरातली नव्हे, साधी. नागपूरला माझ्या भावांनी तासावारी भाड्याच्या सायकलींवरून पडून गुडघे फोडून घेतले, तेव्हा मी घरात पुस्तक घेऊन बसलेली असे. पडायला माझी हरकत नव्हती. चारचौघांत पडायला होती. पुढे मातीच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट झाली, लग्न झाले, टेक्सासमध्ये आलो, प्लेनोतल्या एका मोठ्या कंपनीत मातीशी काडीचाही संबंध नसलेली नोकरी मिळाली, मुलगी झाली, ती मोठी झाली. सायकल राहिली ती राहिलीच. शेवटी मुलीनेच शिकवले, रविवारी सकाळी, माझ्याच ऑफिसच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये. तिने मागून सीट धरली होती आणि मी पुढच्या चाकाकडे टक लावून बघत होते. ती सारखी सांगत होती, "आई, लुक अप. जिकडे बघशील तिकडे सायकल जाईल." मला ते एखाद्या आध्यात्मिक बुवाचे वाक्य वाटले. ते शब्दशः खरे आहे हे कळायला दोन झुडपे आणि एक दिव्याचा खांब लागला.

मुलगी फिजिकल थेरपिस्ट आहे. ती शाळेत असल्यापासून डोंगरात सायकल चालवते. प्लेनो सपाट आहे. सायकलवर टेकड्या हव्या असतील तर हायवेने तासभर नैर्ऋत्येला जावे लागते. तिथे जमीन अचानक उठते. काळी माती मागे पडते आणि तिच्याखालचा पांढरा दगड उघडा पडतो, फळ्यावर लिहायच्या खडूसारखा मऊ, बोट घासले तर पांढरे होणारा. टेकड्या एकीमागून एक अशा कललेल्या, की दुरून कोणी भली मोठी चादर झटकून अर्ध्यात सोडून दिल्यासारखे वाटते. त्यांच्यावर बुटकी जुनिपरची झाडे, निवडुंग, आणि जुन्या कुरणांच्या कुंपणाच्या तारा आता जंगलातून उगाचच गेलेल्या. हा सगळा खडू म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. वाटेवरच्या दगडांत शिंपल्यांचे ठसे दिसतात. कुठल्याशा समुद्रात मेलेल्या जिवांच्या गाळावरून आपण गिअर बदलत चाललो आहोत, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी सायकल थांबवून बराच वेळ खाली बसले होते. मुलगी पुढे जाऊन परत आली. तिला वाटले मी पडले.

तिथल्या मुख्य वाटेवर शेवटी एक चढ आहे. सगळे त्याला स्टेअर्स म्हणतात, कारण खडूचे तीन थर पायऱ्यांसारखे बाहेर आलेले आहेत. पहिली पायरी वीतभर उंच, दुसरी तिच्याहून थोडी जास्त, मग डावीकडे वळण, वळणानंतर तिसरी, आणि तिच्यापुढे मुळांनी भरलेला शेवटचा तुकडा. पाय न टेकता तो चढ चढणे ही तिथल्या नवशिक्यांची परीक्षा. कोणी घेत नाही, निकाल कोणी लावत नाही, पण वर पोचल्यावर लोक एकमेकांना तेवढेच विचारतात: पाय टेकला का? माझा प्रत्येक वेळी टेकलेला असे.

मार्चमध्ये मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येच्या बेलव्ह्यू शहरात नोकरी मिळाली. मे संपता संपता जायचे होते. तिने हे जेवताना सांगितले. मी अभिनंदन केले, नवऱ्याने तिथे पाऊस फार असतो अशी माहिती दिली, आणि मी ताटाकडे बघत मनात शनिवार मोजले. नऊ. त्या नऊ शनिवारांत मला एकदा तो चढ पाय न टेकता चढायचा होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत चढायचा होता. तिने मला एवढे शिकवले त्याची पोच म्हणून, असे मी स्वतःला सांगत होते. ते पूर्ण खरे नव्हते. ती मला गेली काही वर्षे ज्या सांभाळून घेण्याच्या सुरात बोलते, तो सूर एकदा तरी थांबावा असे मला वाटत होते. हे अर्थातच मी कोणालाही सांगितले नाही.

एप्रिलचे शनिवार माझ्या घाबरटपणात गेले आणि मेचे पावसात. या वाटांची देखभाल स्वयंसेवक करतात, आणि वाट ओली असली की ती बंद ठेवतात. फोनवर हिरवी किंवा लाल खूण येते. लाल असताना जो सायकल घालेल त्याच्याशी नंतर कोणी नीट बोलत नाही, कारण ओल्या मातीत चाकाने पडलेला चर वाळून दगडासारखा होतो आणि महिनोन्महिने राहतो. मला हा नियम इतरांहून जास्त कळतो, हाच तर वैताग होता. टेकड्यांच्या पायथ्याची ती काळी माती आणि आमच्या विदर्भातली कपाशीची माती सख्ख्या बहिणी आहेत. पाण्याने फुगतात, उन्हाने फाटतात. त्या फुगण्यावर मी चार वर्षे संशोधन केले आहे. गुरुवारी पाऊस झाला की शनिवारी वाट उघडणार नाही हे मला गणिताने सांगता येत होते, आणि तरीही शनिवारी पहाटे उठून मी फोनवर लाल खूण बघत असे. नवरा चहा करता करता म्हणायचा, "अगं, मातीत पीएचडी केलीस ना? मग तिला काहीतरी समजावून सांग." पहिल्या वेळी मी हसले. तिसऱ्या शनिवारी मी चहा न घेता उठून गेले.

शेवटच्या शनिवारी खूण हिरवी होती. मुलीचे विमान रविवारी दुपारचे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळे होते आणि खडू इतका पांढरा दिसत होता की डोळे बारीक करावे लागत होते. माझे नेहमीचे रडगाणे सुरू झाले होते: टायरमध्ये हवा जास्त तर नाही, गुडघा दुखतो का, हेल्मेट आज घट्ट का वाटते. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि ती तिच्या पेशातल्या शांतपणाने म्हणाली, "ओके. आता चल."

ती पुढे, मी मागे. हा आमचा क्रम ठरलेला होता. पुढे असलेल्याने समोरून येणाऱ्यांना मागे किती जण आहेत ते सांगायचे, हीही तिथली रीत. म्हणजे ते तेवढ्यांसाठी थांबतात. ती स्टेअर्स चढून वळणाआड दिसेनाशी झाली आणि तिचा आवाज आला, "वन मोर बिहाइंड मी." तो एक मी. मी पहिली पायरी चढले. दुसरी चढले. दोन्ही पाय अजून पेडलवर होते. वळण घेतले आणि समोर एक जोडपे दिसले. दोघेही वाटेच्या कडेला, निवडुंगापासून अंग चोरून, एकेक पाय खाली टेकवून उभे. माझ्यासाठी थांबलेले. बाईने हसून मान हलवली.

त्या क्षणी मला चढ दिसेनासा झाला. मला फक्त त्यांचे थांबणे दिसू लागले. ही दोघे किती वेळ उभी असतील? मुलगी पुढे जाऊन अर्धे मिनिट तरी झाले. मी इतकी हळू चढते. अजून अर्धे मिनिट लागेल. त्यांच्या उताराची सगळी मजा मी घालवली. हा हिशेब पूर्ण होण्याआधीच माझा पाय जमिनीवर होता आणि मी सायकल कडेला ओढून म्हणत होते, प्लीज, तुम्ही जा. पुरुष म्हणाला, नाही नाही, तुम्ही चढताय. मी म्हणाले, नाही, प्लीज. बाई म्हणाली, खरंच, आम्हाला घाई नाही. मी पुन्हा प्लीज म्हणाले. आम्ही तिघे त्या अरुंद वाटेवर एकमेकांना वाट देत उभे राहिलो, आणि शेवटी ती दोघे निघाली. जाताना बाई हसली नाही.

मुलगी वरून सगळे बघत होती. मी सायकल ढकलत तिच्यापाशी पोचले तेव्हा तिने आपली सायकल एका झाडाला टेकवली. मग म्हणाली, "ते थांबले होते, आई. फॉर यू."

"त्यांना घाई असेल असं वाटलं मला."

"शनिवारी सकाळी? डोंगरात? कसली घाई?"

मी पाण्याची बाटली काढली. ती वळून माझ्याकडे बघत राहिली, आणि नेहमीचा सांभाळून घेण्याचा सूर तिच्या आवाजात नव्हता. "तुला वाटतं तू पोलाइट आहेस. इट डझन्ट लुक पोलाइट. समोरचा सांगतोय की तू जा, आणि तू त्याचं ऐकतच नाहीयेस, असं दिसतं ते."

मला राग आला. तिचा, त्या जोडप्याचा, पण मुख्यतः या गोष्टीचा, की तिचे म्हणणे बरोबर होते आणि ते मला दीड वर्षात स्वतःहून सुचले नव्हते.

माझ्या या कडेला होण्याचे एक स्पष्टीकरण मुलीने कॉलेजात असताना शोधून काढले होते. माझे आजोबा त्यांच्या गावात काही माणसे समोरून आली की गाडीवाट सोडून खाली शेतात उतरत. उतरावेच लागे. माझे वडील शाळामास्तर झाले, शहरात आले, आणि त्यांनी आम्हा भावंडांना एक शिस्त लावली: रस्त्याच्या मधून चालायचे, कोणासाठी खाली उतरायचे नाही. ते स्वतः तसे चालत, शर्टाच्या बाहीला खडूची भुकटी, मान ताठ, मागून सायकलवाल्यांनी कितीही घंट्या वाजवल्या तरी. मुलीचे म्हणणे असे, की आजोबांचे ते उतरणे माझ्या अंगात उरले आहे. तिने हे फार प्रेमाने मांडले होते आणि मी ते ऐकून फार शांतपणे विषय बदलला होता.

कारण मला ते पटत नाही. आजोबांना उतरवले जात होते. मला आयुष्यात कोणी रस्त्यावरून उतर म्हटलेले नाही. वडिलांच्या शेजारून मधून चालताना मला अभिमान नाही, लाज वाटायची: सगळे आपल्याकडे बघताहेत याची. ते कोपऱ्यावर वळून शाळेकडे गेले, की मी लगेच कडेला सरायची. मला तो मधला रस्ता मिळाला होता, आयता. मी तो वापरला नाही. याचे श्रेय किंवा दोष आजोबांच्या दुःखाला देऊन मोकळे व्हावे, हे मला त्यांचा अपमान केल्यासारखे वाटते. माझा भित्रेपणा माझा स्वतःचा आहे. एवढे तरी माझे असू दे.

हे सगळे मी त्या टेकडीवर मुलीला सांगितले नाही. मी एवढेच म्हणाले, की पुन्हा एकदा करू या. ती म्हणाली, ठीक आहे, पण या वेळी तू पुढे. समोरून कोणी आले तर तूच सांगायचे. मी म्हणाले, माझा आवाज निघत नाही. ती म्हणाली, तिच्या क्लिनिकमध्ये नव्वदीच्या बायका तिला शिव्या घालतात; माझा आवाज निघेल.

आम्ही खाली गेलो आणि मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी मागे तिच्या टायरखाली खडे करकरत होते, आणि ते ऐकताना मला परीक्षेत मागे उभ्या राहणाऱ्या बाईंची आठवण होत होती. पहिली पायरी. दुसरी. वळणाआधीच वरून कोणी येत असल्याचा आवाज आला, साखळीची खडखड, वेगात. मी "कमिंग अप" म्हणाले. ते मलाही ऐकू आले नाही. मागून मुलगी दात आवळून म्हणाली, "आई. लाउडर." मी पुन्हा म्हणाले, आणि तो आवाज इतका मोठा आणि चिरका निघाला, की झाडातला एक पक्षी उडाला.

वळणावर एक दाढीवाला आडदांड गृहस्थ ब्रेक दाबून थांबला होता. त्याचा एक पाय चक्क निवडुंगात होता. तो म्हणाला, "ऑल युअर्स." आणि मी थांबले नाही. हे मी लिहिते तेव्हा आजही मला थोडे आश्चर्य वाटते. मी त्याच्या हँडलपासून हातभर अंतरावरून गेले, त्याला उभे ठेवून, त्याच्या निवडुंगासकट. तिसरी पायरी पुढचे चाक उचलून घेतली. समोर फक्त मुळे उरली होती आणि त्यांच्यावर आकाश. मागून तो माणूस मोठ्याने म्हणाला, "यू गॉट धिस."

एखादा माणूस आपल्यासाठी थांबतो, वर प्रोत्साहन देतो, आणि त्याच्याकडे न बघता पुढे जायचे, हे मला जमणारे नव्हते. मी मान वळवली. "थँक यू," मी म्हणाले, "सॉरी, थँक यू." जिकडे बघितले तिकडे सायकल गेली. पुढचे चाक एका मुळावरून घसरले, आणि माथा एक सायकलभर अंतरावर असताना माझा पाय खाली टेकला.

दाढीवाल्याने हळहळून काहीतरी म्हटले आणि तो उतरून गेला. मी तिथेच उभी राहिले, हँडल धरून, मान खाली घालून. माझ्यामुळे मुलीलाही उतरावे लागले होते. ती वर आली, माझ्या शेजारी उभी राहिली, आणि हसू दाबण्याचा प्रयत्न करून तो तिने सोडून दिला. "सॉरी कशाबद्दल, आई?"

चारशे पानांचा प्रबंध लिहिलेल्या बाईला एका शब्दाचे कारण सांगता आले नाही.

तिसऱ्यांदा जाऊ या असे मीच म्हटले. मुलीने घड्याळ बघितले. बॅगा अर्ध्या भरायच्या होत्या आणि दुपारी नवऱ्याने काही लोकांना जेवायला बोलावले होते. ती म्हणाली, एकदाच. या वेळी वाट पूर्ण रिकामी होती. समोरून कोणी नाही, मागून मुलगीही नाही. ती वर जाऊन उभी होती. मला वाट द्यायला कोणी नव्हते आणि मागायलाही कोणी नव्हते. मी पहिल्याच पायरीवर पडले. पायांत जीवच उरला नव्हता. कोपर खरचटले, कपड्यांवर पांढरी भुकटी बसली, आणि दोष देण्याजोगे आसपास काहीही सापडेना.

मुलगी चालत खाली आली. तिने सराईतपणे माझे कोपर वाकवून बघितले, मनगट फिरवून बघितले, आणि काही झाले नाही असे सांगितले. मग आम्ही दोघी त्या पायरीवरच बसलो. दोघे तिघे स्वार आले. आम्ही पाय जवळ घेतले, ते शेजारून चढून गेले. एकाचाही पाय टेकला नाही.

शेवटचा वळणाआड गेल्यावर ती म्हणाली, "इट्स ओके, आई. तू नंतर चढशील. मला फोन कर फक्त. मी इथे नसले तरी चालेल."

"मला चालणार नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघू लागली. मी खडूवर बोटाने रेघा ओढत होते. पुढचे बोलायला मला त्या चढाहून जास्त दम लागला. मी सांगितले, की मला हा चढ एकटीने चढायचा नाही. चढून मग तिला फोनवर कळवायचेही नाही. ती वर उभी असताना चढायचा आहे, आणि मार्चपासून माझ्या डोक्यात दुसरे काही नाही.

"मग बोलली का नाहीस? मी जाण्याची तारीख पुढे ढकलली असती."

"म्हणूनच."

तिने माझ्या पाठीवरची भुकटी झटकली. मग म्हणाली, दिवाळीला ती येणारच आहे, तेव्हा करू. मी म्हणाले, दिवाळीच्या सुमाराला इथे पाऊस असतो. ही माती मला माहीत आहे. ती चार दिवसांसाठी येईल, चारही दिवस खूण लाल असेल, आणि मग तिचे विमान असेल. तिने खांदे उडवले. त्याला ती काय करणार, असा त्याचा अर्थ होता, आणि एरवी मी तिथे विषय सोडून दिला असता. तिला रजा मिळणार नाही, तिकीट महाग पडेल, तिची कामे असतील, हे सगळे तिच्या वतीने मीच बोलले असते.

"जास्त दिवसांसाठी ये," मी म्हणाले. "आणि वाट वाळेपर्यंत थांब."

"किती दिवस लागतात वाळायला?"

"पाच. ढग असले तर आठ."

तिने फोन काढला आणि कॅलेंडरमधले नोव्हेंबरचे पान उघडून बघत बसली. उन्हाने तिला पडदा नीट दिसत नव्हता. मी माझ्या हाताची सावली त्यावर धरली.